गॉब्लिन धरायचा कसा?

गॉब्लिन या बुटक्या राक्षसाची उंची साडेतीन फूट आणि वजन वीस किलो. म्हणजे भारतात जाताना आपण विमानात चढवतो त्या बॅगेपेक्षा तीन किलो कमीच. असा जीव समोर आला आणि खेळातल्या माझ्या सहा फुटी योद्ध्याने त्याला मारायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं असं ठरवलं. या कामाला पाऊण तास लागला. गॉब्लिन झटापट करत होता म्हणून नव्हे. तो बिचारा जागच्या जागी उभा होता. पुस्तक बघणं चाललं होतं.

असे नियमांनी जड झालेले खेळ मागे का पडले, असं लोक विचारतात. ज्यांना या व्यसनाची कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून मिळून रचायची गोष्ट. एकजण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो सांगतो, ‘‘समोर अंधारं भुयार आहे.’’ बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने म्हणतात, ‘‘मी आत डोकावतो.’’ जमलं का, अशी शंका आली की फासा टाकायचा. यातला आद्य खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. गायगॅक्सचं गाव विस्कॉन्सिनमधलं लेक जिनीव्हा, आणि मी नोकरीपायी येऊन पडलो ते मिलवॉकी तिथून तासाभरावर. इथे हिवाळ्यात घराबाहेर करण्यासारखं एकच काम असतं, बर्फ उपसणं. त्यामुळे शेजाऱ्याने शनिवारी तळघरात खेळायला बोलावलं तेव्हा मी जास्त चौकशी न करता गेलो.

आमचा डीएम पन्नाशी उलटलेला, कॉलेजपासून खेळणारा गृहस्थ. त्याची श्रद्धा 2003 च्या साडेतीनाव्या आवृत्तीवर. साडेतीनावी म्हणजे खरोखरच 3.5, आवृत्त्यांनाही अपूर्णांक असतात हे मला तिथेच कळलं. तर या आवृत्तीत एखाद्याला धरायचं म्हणजे आधी त्याला तुमच्यावर एक फुकटचा वार. तो लागला आणि इजा झाली तर तुमचं धरणं तिथेच बारगळलं. वाचलात तर त्याला स्पर्श करण्यासाठी फासा. यात चिलखत धरायचं नाही, चपळाई मात्र धरायची. स्पर्श झाला तर दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात लढाईतला अनुभव, ताकद आणि आकारमान मिळवायचं. गॉब्लिन लहानखुरा म्हणून त्याचे चार वजा. हे सगळं जिंकलं की आपण नकाशावरच्या गॉब्लिनच्या चौकोनात शिरायचं.

शिरणार, तेवढ्यात आमच्यातला नागपूरकर म्हणाला, ‘‘थांब. चौकोनात जातोय तं बाजूच्या गॉब्लिनला पण वार भेटते.’’

बाजूला आणखी एक गॉब्लिन आहे हे डीएमसुद्धा विसरला होता.

‘‘अरे, तू माझ्या बाजूचा आहेस ना?’’ मी विचारलं.

‘‘बाजू तुझीच हाय बे. पण पुस्तकात लिहिलंय तं लिहिलंय.’’

नागपूरकर विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे. माणसं साधारण केव्हा मरतील याचा हिशेब तो आठवडाभर पगार घेऊन करतो आणि शनिवारी फुकट करतो. अशा माणसाला या जगात रूल्स लॉयर म्हणतात. प्रत्येक टेबलावर एक असतोच, आणि डीएम चुकून आपल्या बाजूने चुकला तर तीही चूक दुरुस्त करायला लावण्याइतका तो प्रामाणिक असतो. त्याचा राग येतो तो यामुळेच.

डीएमच्या कपाटात मात्र साडेतीनावी आवृत्ती म्हणजे बालवाडी वाटावी असे खेळ होते. 1977 चा ट्रॅव्हलर: यात अंतराळवीराची आधीची नोकरी फाशांवर ठरते आणि त्या नोकरीत तो मरू शकतो. म्हणजे पात्र तयार करता करताच पात्र वारलं, खेळ अजून सुरूच नाही. 1986 चा फीनिक्स कमांड: गोळी कुठल्या हाडाला लागली इथपर्यंत तक्ते. आम्ही त्यात एकदा एकच गोळी झाडून बघितली. ती शरीरात कुठवर पोचली हे काढेपर्यंत मागवलेला पिझ्झा येऊन गार झाला. रोलमास्टरमध्ये प्रत्येक शस्त्राला स्वतःचा तक्ता, आणि हल्ला फसला तर काय होईल याचाही तक्ता. त्यातली एक ओळ जगभरच्या खेळाडूंना पाठ आहे: तुम्ही एका न दिसणाऱ्या, काल्पनिक, मेलेल्या कासवाला अडखळता. मला हे तिन्ही विशेषणांसकट आवडतं. एवढा तक्ता रचताना रात्री केव्हातरी लिहिणाऱ्याचाही तोल गेला असणार.

आणि थॅको! डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा, म्हणजे आर्मर क्लास, कमी, शून्याच्या खाली थेट उणे दहापर्यंत. मारायचं झालं की आपल्या पात्राच्या थॅको नावाच्या आकड्यातून समोरच्याचं चिलखत वजा करायचं, म्हणजे फाशावर किती हवेत ते कळतं. ते उणे असेल तर उणे वजा केलं म्हणजे अधिक. समोर ड्रॅगन आग ओकतोय आणि पाच पदवीधर बोटांवर मोजतायत. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीने ही वजाबाकी बंद केली.

नियमांची ही हौस आभाळातून पडली नाही. मूळ खेळ निघाला तो शिशाच्या सैनिकांच्या युद्धखेळांतून, आणि ती मंडळी टेबलावरच्या एका टेकडीपायी दुपारभर भांडणारी. शिवाय गावोगावच्या अनोळखी खेळाडूंच्या स्पर्धा भरायच्या तर सगळीकडे सारखे नियम हवेत, असं गायगॅक्सला वाटलं. 1974 च्या तीन पातळ पुस्तिकांची बघता बघता जाड पुठ्ठ्याची पुस्तकं झाली. खेळणारे कॉलेजातले, हातात मोबाइल नाही, दुसऱ्या दिवशी उठायची घाई नाही. त्यांना ते परवडलं.

नागपूरकराची बाजूही ऐकण्यासारखी आहे. तो म्हणतो, नियम नसले की ज्याचा आवाज मोठा त्याची तलवार मोठी. खरंच आहे. नक्कल करता येत नाही, संवाद सुचत नाहीत, अशा माणसाला पुस्तकच आधार देतं. 2008 ला चौथी आवृत्ती आली तेव्हा साडेतीनावीवर जीव असलेल्यांनी तिच्याच नियमांवर बेतलेला 2009 चा पाथफाइंडर डोक्यावर घेतला तो उगीच नाही. नुसते नियम जास्त म्हणून खेळ ओस पडत नाही. आता खपाच्या शिखरावर बसलेल्या पाचव्या आवृत्तीचीही तीन जाडजूड पुस्तकं आहेतच की. फरक एवढाच, की तिथे नवख्याला न वाचता येऊन बसता येतं. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाक, मोठा घे. प्रतिकूल असेल तर लहान घे. झालं शिक्षण. त्यात 2015 पासून व्हॉइस ॲक्टर मंडळी कॅमेऱ्यासमोर खेळायला लागली आणि लोक तासन् तास बघायला लागले. त्यांना गोष्ट बघायची असते. पानं उलटणाऱ्या माणसाकडे टक लावून बसायची हौस कोणाला?

जड खेळ खरा कुठे मरतो ते मी आमच्याच तळघरात पाहिलं. डीएमला रात्रपाळी लागली. टेबल आहे, फासे आहेत, चिप्स आहेत, चालवणारा नाही. साहजिकच सगळे नागपूरकराकडे बघायला लागले. सगळं पुस्तक तोंडपाठ असलेला तोच एक. तो खुर्चीत बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘दारात ओगर हाय. आर्मर क्लास सोळा.’’

आम्ही वाट बघत राहिलो. गोष्ट संपली होती.

ज्याला पुस्तक येतं त्याला गोष्ट येईलच असं नाही, आणि ज्याला गोष्ट येते तो तीनशे पानं बघूनच पळतो. दोन्ही येणारा माणूस एखादाच, आणि त्याला कधी रात्रपाळी लागते, कधी मूल होतं, कधी बदली होते. तो उठला की पाच जणांचं टेबल उठतं. दर वेळी एक टेबल. आकडेमोडीची ज्यांना खरी आवड ती पोरं केव्हाच कॉम्प्युटर गेमकडे गेलेली. तिथे बेरीज यंत्र करतं आणि कुरकुरतही नाही.

आमच्या मदतीला आली डीएमची कॉलेजातली मुलगी. तिच्याकडे 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्डच्या वळणावर गेलेला एक हलका खेळ होता. साधे दोन फासे. दहा किंवा वर आलं तर काम फत्ते. सात ते नऊ आलं तर काम होतं पण किंमत मोजावी लागते. सहा किंवा खाली आलं तर आपली धडगत नाही. आम्ही चोर झालो, किल्ल्यात शिरलो, पहारेकऱ्याला चकवलं. बाईसाहेबांनी गोष्ट अशी पळवली की चिप्स खायला सवड मिळाली नाही. एवढ्यात नागपूरकराने मशाल चोरताना आठ टाकले.

‘‘मशाल मिळाली,’’ ती म्हणाली, ‘‘पण तुझा अंगरखा पेटला.’’

‘‘किती?’’

‘‘किती म्हणजे? पेटला.’’

‘‘मंग नुकसान किती? सुती हाय का लोकरीचा? वारा कोणीकडून हाय?’’

त्या पोरीने त्याच्याकडे कणवेने पाहिलं आणि सांगितलं, ‘‘तू ओरडतोयस.’’ आयुष्यात पहिल्यांदा तो टेबलावर ओरडला, आणि चांगला ओरडला. वरच्या मजल्यावरून तिची आई बघायला आली.

मला वाटलं, सुटला. पुढच्या शनिवारी तो आला तो हातात टाइप केलेली, स्टेपल मारलेली पानं घेऊन. वर शीर्षक: ‘काही आवश्यक खुलासे’. कापडांचे प्रकार, ओलं आणि कोरडं, वाऱ्याची दिशा, ओरडण्याच्या तीन पातळ्या. प्रत्येकाला एकेक प्रत.

‘‘एवढं सगळं?’’ मी म्हटलं.

‘‘पान तीन बघ ना बे,’’ तो खुशीत म्हणाला. ‘‘कासव पण घेतलंय.’’