अर्धं नाव बिशपचं, अर्धं रेल्वेवाल्याचं

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे जा, राग नाही.

दोन महिने कॅनडात ताईकडे होतो. ताई-भावोजी राहतात ग्रँड प्रेअरीला, म्हणजे अल्बर्टा प्रांताच्या वायव्येला. पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर मी ताईला विचारलं, आपला बिशप कोण, धर्मप्रांत कुठला? वसईच्या माणसाला हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. ती म्हणाली, ग्रुआर-मॅकलेनन, आणि हा नुसता धर्मप्रांत नाही, महाधर्मप्रांत आहे. झालं, मला कॅथेड्रल बघायचंच होतं.

महाधर्मप्रांताचं कॅथेड्रल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मुंबईत कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल. मॅकलेनन निघालं सातशेच्या आसपास वस्तीचं गाव. एक रूळ, शेजारी पाणपक्ष्यांनी भरलेलं तळं, आणि मध्ये संत योहान बाप्तिस्ताचं कॅथेड्रल. आमच्या वसईतल्या नंदाखालच्या फेस्ताला जेवणाच्या रांगेत याहून जास्त माणसं असतात. पण या गावाच्या नावावर चालणारा मुलूख सव्वादोन लाख चौरस किलोमीटरच्या घरातला, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाऊणपट.

नावाची गंमत आधी सांगतो. ग्रुआर हे एका फ्रेंच बिशपचं आडनाव, मॅकलेनन हे एका रेल्वे अधिकाऱ्याचं. लेसर स्लेव्ह नावाच्या सरोवराच्या पश्चिम टोकाला सेंट बर्नार्ड मिशन होतं. तिथल्या वस्तीला १९०९ साली बिशपचं नाव मिळालं. हॉटेलं आली, दुकानं आली, हजारावर लोक झाले. सगळे रेल्वेची वाट बघत होते. रेल्वे आली १९१४ च्या सुमारास, पण गाव टाळून सरोवराच्या दक्षिण बाजूने गेली. लोकांनी बिऱ्हाडं हलवली, काही इमारतीसुद्धा उचलून नेल्या. हायवेने बायपास काढल्यावर नाक्यावरच्या हॉटेलांचं काय होतं ते आपण पाहिलंय, तसंच. बिशपचं गाव ओसरलं, रेल्वेवाल्याचं वसलं, आणि पुढे धर्मपीठही रुळाकडेच सरकलं. नावात मात्र दोघं जोडीने राहिले.

आता इतिहास. अधिकृत पद्धतीने सांगायचा तर चार ओळींत संपतो. १८६२ साली रोमने सेंट बोनिफेसच्या धर्मप्रांतातून अथाबास्का-मॅकेंझी हा भाग वेगळा काढला आणि तो आँरी फारो या ऑब्लेट नावाच्या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्याच्या हाती दिला. तेव्हा त्याची हद्द थेट उत्तर ध्रुव महासागरापर्यंत. १९०१ मध्ये मॅकेंझी वेगळं झालं, १९२७ मध्ये ग्रुआर हे नाव मिळालं, आणि १९६७ मध्ये महाधर्मप्रांत झाला. पहिले आर्चबिशप आँरी रुतिये. संपलं. आपल्या चर्चच्या शतकोत्सवी स्मरणिकेतही असंच असतं ना? फादर अमुक आले, घंटा बसवली, फादर तमुक आले, फरशी बदलली.

पण माणसं बघितली की चार ओळी पुरत नाहीत. फारोंचा अर्धा जीव सामान पोचवण्यात गेला. हडसन्स बे या व्यापारी कंपनीच्या होड्यांचं भाडं परवडेना, म्हणून त्यांनी लाक ला बिश इथे स्वतःचं कोठार उभारलं आणि बैलगाड्या व होड्यांनी पीठ, खिळे, मिस्सेचा द्राक्षारस उत्तरेला धाडला. हिवाळ्यात जगायचं ते माशांवर. माणसांनीही आणि गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनीही.

आणि एमिल ग्रुआर. जन्म १८४०, फ्रान्समधला. विशीत कॅनडाला आला तो १९३१ साली मरेपर्यंत तिथलाच झाला. हा माणूस मला मनापासून आवडला हे कबूल करतो. १८७४ मध्ये फ्रान्सला परत गेला, तर तिथे छपाईचं काम शिकला आणि येताना छापखानाच घेऊन आला. १८७० चं दशक संपता संपता लाक ला बिशला क्री आणि डेने या तिथल्या मूलनिवासींच्या भाषांतली प्रार्थनापुस्तकं छापली जाऊ लागली. अल्बर्टातली छपाई सुरू झाली ती इथून, आणि तीही इंग्रजीत नाही. शिवाय गडी चित्रकार. याच मुलखातल्या डनवेगनच्या वेदीसाठी क्रूसावरचा ख्रिस्त रंगवला तो मूसच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या कातड्यावर. पुढे बिशप झाल्यावर मिशनसाठी आगबोटीही बांधून घेतल्या.

त्या पुस्तकांची लिपी पाहून मी उडालोच. १८४० साली जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने नॉर्वे हाउस इथे क्री भाषेसाठी ती प्रचारात आणली. चहाच्या खोक्यांच्या आतलं शिसं वितळवून टाइप पाडले आणि बर्चच्या सालीवर छापलं. क्री लोकांची स्वतःची आठवण वेगळी आहे. ती लिपी आपल्याच एका माणसाला दैवी देणगी म्हणून मिळाली, असं ते सांगतात. अभ्यासक इव्हान्सच्या लिपीमागे दोन प्रेरणा सांगतात, लघुलेखन आणि चक्क आपली देवनागरी! युक्ती बाराखडीचीच. व्यंजनाला एक आकार, आणि स्वर बदलला की तोच आकार फिरवायचा. त्रिकोणाचं टोक खाली असेल तर पे, वर असेल तर पि, उजवीकडे पो, डावीकडे पा. काना-मात्रेऐवजी गिरकी. भाचीला आणि मला दहा मिनिटांत वाचता यायला लागलं. अर्थ शून्य कळला, तो भाग वेगळा.

कॅथलिक मिशनऱ्यांनी मेथडिस्टाची ही लिपी बिनतक्रार उचलली. ते लोकांची भाषा शिकले, कोश केले, व्याकरणं लिहिली. इथपर्यंतची गोष्ट आम्हा वसईकरांना तोंडपाठ असते, देश फक्त वेगळा.

मग शाळा येते.

१८९४ साली प्रॉव्हिडन्सच्या सिस्टर्स सेंट बर्नार्डला आल्या आणि निवासी शाळा उभी राहिली. त्यानंतर याच मुलखात जूसार, स्टर्जन लेक, फोर्ट व्हर्मिलियन, डेमारे अशा ठिकाणी. जूसार आणि डेमारे ही गावांची नावंसुद्धा मिशनऱ्यांचीच. पैसा सरकारचा, चालवणं चर्चचं. मुलांना आईबापांपासून महिनोन्‌महिने दूर ठेवायचं, केस कापायचे, कपडे बदलायचे, आणि भाषा बंद. क्री बोललं की शिक्षा. म्हणजे ज्या चर्चने क्री भाषा शिशाच्या टाइपात ओतली, त्याच चर्चच्या वर्गात ती बोलणाऱ्या पोराला मार बसत होता. वेगवेगळ्या शतकांत नाही. ग्रुआर हयात असताना, त्यांच्याच हद्दीत.

आणखी एक तारीख सांगतो, कारण ती मला सोडत नाहीये. २१ जून १८९९. लेसर स्लेव्ह सरोवराकाठी सरकारने तिथल्या मूलनिवासींशी आठवा करार केला. किनूशायू आणि मुस्टूस हे क्रींचे पुढारी. सरकारी माणसांबरोबर म्हातारे फादर लाकोम्ब मुद्दाम आणलेले, बिशप ग्रुआरही हजर. लोकांचा विश्वास कागदावर नव्हता, झग्यावर होता. सरकारी अहवालातच नोंद आहे की या लोकांना मुलांसाठी शिक्षण हवं होतं, फक्त शाळेत आमच्या श्रद्धेत ढवळाढवळ नको, अशी त्यांची अट होती. शिकार-मासेमारी पूर्वीसारखीच मोकळी राहील, असं आश्वासनही दिलं गेलं. शाळा मागितली होती त्यांनी. मिळालं ते काय, ते वर लिहिलंय.

कॅनडाभर अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त शाळा कॅथलिक संस्थांच्या होत्या. या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं आणि तीन हजारांहून जास्त मुलांचे मृत्यू नोंदवले. क्षयाने, तापाने, आगीत, पळून जाताना थंडीत गोठून. मार्च २०२२ मध्ये कपावेनो फर्स्ट नेशन या मूलनिवासी समूहाने जाहीर केलं की ग्रुआरच्या जुन्या मिशनच्या आवारात रडारने १६९ जागा दाखवल्या, ज्या खुणा नसलेल्या कबरी असू शकतात. 'असू शकतात' हा शब्द महत्त्वाचा आहे. रडारला जमीन हलवल्याच्या खुणा दिसतात, हाडं नाही. आमच्यातले काही विद्वान एवढ्याच शब्दावर हुरळून 'बघा, सगळं खोटं' असं व्हॉट्सॲपवर फिरवतात. भावांनो, ज्या मृत्यूंची नोंद आयोगाने कागदपत्रांतून काढली, त्यांना रडार लागत नाही.

आता पैशाचं. यावर ताईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. या शाळांतून गेलेल्यांच्या भरपाईसाठी झालेल्या २००६ च्या तडजोडीत कॅथलिक संस्थांनी तीन गोष्टी कबूल केल्या. २ कोटी ९० लाख डॉलर रोख, अडीच कोटींची सेवा, आणि 'जमेल तितका प्रयत्न करून' आणखी अडीच कोटींची वर्गणी. वर्गणीचे जमले ४० लाखांहूनही कमी. २०१५ मध्ये कोर्टाच्या निकालाने उरलेल्या जबाबदारीतून सुटका झाली. या सगळ्या संस्थांच्या वतीने व्यवहार बघणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते याच महाधर्मप्रांताचे तेव्हाचे आर्चबिशप जेरार्ड पेटीपास. ताईचं म्हणणं, गरीब धर्मप्रांत आहे, लोक विखुरलेले, कुठून आणणार? म्हटलं, इथलं गरीब असेल, पण ही वर्गणी देशभरची होती. टोरंटो-मॉन्ट्रियल गरीब आहेत? आपल्याकडे चर्चचं छप्पर करायचं निघालं की आखाती देशांतल्या भावांपासून ते भाजीवालीपर्यंत सगळ्यांचा हिशोब होतो आणि वर्षभरात कौलं चढतात. मन असेल तर अडीच कोटी जमतात. २०२१ मध्ये कबरींच्या बातम्यांनी जग हादरल्यावर कॅनडाच्या बिशपांनी माफी मागितली आणि पाच वर्षांत ३ कोटी देऊ म्हणून जाहीर केलं. म्हणजे जमण्यासारखे होते.

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस अल्बर्टात आले, मस्क्वाचीस या क्री वस्तीत खुर्चीत बसून माफी मागितली, आणि परतीच्या विमानात पत्रकारांना म्हणाले, होय, हा वंशसंहारच. मी तेव्हा घरी टीव्हीवर पाहिलं होतं आणि रडलो होतो. पण तेव्हा मला वाटलं होतं की हे 'त्यांचं' आहे.

ते नाहीये, म्हणून तर ही पोस्ट. दूरच्या मुलखातली भूमी ख्रिस्ती राजाने आपली म्हणावी, हा विचार व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये नाकारला. त्याला आधार देणारी पोपची जी फर्मानं, त्यात १४५५ चं एक आहे. ते दिलं होतं पोर्तुगालच्या राजाला. १५३४ मध्ये वसई ज्यांच्या ताब्यात गेली, तेच हे. आणि भाषेचं म्हणाल तर १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, त्याचा आपण केवढा अभिमान बाळगतो. बाळगावाच. पण १६८४ मध्ये त्याच गोव्यात फर्मान निघालं की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. फादर स्टीफन्सवर आपल्याकडे व्याख्यानं होतात. १६८४ वर झालेलं व्याख्यान मी तरी ऐकलेलं नाही.

माझा राग ग्रुआरवर नाही. खरंच नाही. मूसच्या कातड्यावर ख्रिस्त रंगवणाऱ्या माणसावर मला रागावता येत नाही. राग आहे तो गोष्ट दोन खणांत ठेवण्यावर. एका खणात बर्फ, होड्या, छापखाना, त्याग. दुसऱ्या खणात शाळा, आयोग, भरपाई, वकील. पहिला खण फेस्ताला उघडायचा, दुसरा कोर्टाने सांगितलं तर. ती एकाच घरातली, एकाच माणसांची गोष्ट आहे. आणि त्या छापखान्याचं मोठेपण तुम्हाला खरंच कळलं असेल, तर शाळेत काय तुटलं हे दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको.

कॅथेड्रलहून आम्ही ग्रुआर गावी गेलो. सरोवर बर्फातून नुकतंच सुटलेलं, वारा कापत होता. मिशनच्या चर्चपाशी बराच वेळ उभे राहिलो. भावोजी गाडीतूनच उतरले नाहीत. ते एरवी बोलके. परतताना फक्त एवढंच म्हणाले की त्यांच्या कामावर एक क्री माणूस आहे, त्याच्या आजीला भाषा येत होती, आईला येते पण ती बोलत नाही, आणि तो आता साठीला टेकल्यावर संध्याकाळच्या वर्गात शिकतोय. लिपी लवकर आली म्हणतो, बोलताना जीभ वळत नाही.

घरी येऊन हे लिहायला बसलो तर ताई घाबरली. इथल्या फादरांना कळलं तर? मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, मराठी इथे कोण वाचतंय, लिही बिनधास्त.

ताई, इथलं कोणी वाचणार नाही हे खरं. वाचणारे सगळे वसईत आहेत. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर भेटायचंय मला त्यांना.