हेड गॅस्केटला सिलिकॉन फासू नका : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

'जुन्या ट्रकचं हेड गॅस्केट घरी बदलताना दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासा, गळती कायमची बंद', असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये बसणारं सील) सहसा कोरडंच बसवतात; इंजिनचं मॅन्युअल तेच सांगतं. ज्वलनाचा दाब आणि उष्णता सिलिकॉनला झेपत नाही. शिवाय बोल्ट आवळले की जादा सिलिकॉन आत दबतं, तुटतं आणि ऑइल-कूलंटच्या वाटा बुजवतं. ऑइल पंपाच्या जाळीत त्याचे धागे अडकलेत हे चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उघडल्यावरच कळतं, आणि तोवर बेअरिंगची वाट लागलेली असू शकते.

गैरसमज कुठून आला असेल, ते समजण्यासारखं आहे. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यांत किंवा टायमिंग कव्हरच्या सांध्यावर सिलिकॉनचा ठिपका द्यायला बऱ्याच इंजिनांची मॅन्युअलच सांगतात. हेडचं तसं नाही.

तिथली गळती थांबते सपाट पृष्ठभागामुळे. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजा. मर्यादेबाहेर असेल तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करून घ्यायला) द्या. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) आवळा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.