मांगा वाचणारं मूल वाचतच असतं

पालकांच्या ग्रुपवर आज एका शाळेची सूचना आली. 'वाचनाच्या तासाला कॉमिक्स, मांगा आणू नयेत. चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे.' खाली अंगठ्यांची रांग. संताप झाला.

चित्रं बघणं? मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. तिथल्या मुलाला प्राथमिकच्या सहा वर्षांत १०२६ कांजी, म्हणजे अख्ख्या शब्दाची किंवा अर्थाची चिन्हं, शिकायच्या असतात, त्यातल्या पहिलीत फक्त ८०. दुसरीतल्या मुलाला मोठ्यांचं वर्तमानपत्र वाचता येणं शक्यच नाही. पण मुलांच्या मांगा अंकात कांजीच्या उजव्या बाजूला बारीक हिरागानात, म्हणजे सोप्या उच्चारलिपीत, तिचा उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. मूल अडत नाही, कुणाला विचारायला उठत नाही, आणि तीच कांजी पुन:पुन्हा डोळ्यांखालून गेली की ओळखीची होते. हे वाचन नाही तर काय आहे?

डोरेमॉन आपल्या पोरांना टीव्हीमुळे पाठ आहे. तो आला १९७० च्या जानेवारी अंकांत, शोगाकुकान प्रकाशनाच्या सहा मासिकांत एकदम. बालवाडीपासून चौथीपर्यंत प्रत्येक वयाचं मासिक वेगळं, म्हणून गोष्टीही वेगवेगळ्या लिहिल्या. पुढे १९७७ मध्ये कोरोकोरो हे मासिक आलं. मुलींसाठी नाकायोशी आणि रिबोन पन्नासच्या दशकापासून होतीच. त्यावरच्या वयाला शोनेन जंप, मग मोठ्यांची सेइनेन मासिकं. मूल एका पायरीवरून उतरायच्या आत पुढची तयार असते. आपल्याकडे 'किशोर' १९७१ पासून टिकून आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण चौथीतल्या आणि आठवीतल्या मुलाला एकच अंक किती पुरणार?

फ्रान्स-बेल्जियमच्या कॉमिक्सची तऱ्हा निराळी. तिथला नेहमीचा अल्बम ४८ पानांचा, रंगीत, पुठ्ठ्याच्या बांधणीचा. भेट द्यायचा, कपाटात जपायचा. जपानी अंक जाडजूड, स्वस्त कागदाचा, वाचून रद्दीत द्यायचा. आवडलेली मालिका मग दोनेकशे पानांच्या छोट्या खंडांत विकत घ्यायची. मुलाच्या खाऊच्या पैशांत बसतं ते हेच.

पुन्हा त्या सूचनेकडे. ही भीती जुनी आहे. फ्रान्सने १९४९ मध्ये मुलांच्या प्रकाशनांवर कायदा केला, अमेरिकेत १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवरच बंधनं घालणारा कॉमिक्स कोड आला, आणि खुद्द जपानमध्ये १९५५ च्या सुमारास 'वाईट पुस्तकं हटवा' मोहीम जोरात होती.

बरं, मान्य: सगळं मांगा मुलांसाठी नसतं. जपानी शाळांतल्या सकाळच्या दहा मिनिटांच्या वाचनातही बऱ्याच ठिकाणी मांगा चालत नाही. पण त्याच शाळांच्या ग्रंथालयांत इतिहासाचे मांगा खंड असतात. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावांचं त्याच बॉम्बवरचं मांगा 'हादाशी नो गेन' (अनवाणी गेन) सुद्धा असतं. मात्सुए शहरात ते मुलांच्या हाती सहज लागू नये म्हणून आत ठेवायला लावलं होतं. देशभर ओरड झाली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

ती सूचना लिहिणाऱ्या बाईंना मुलांची काळजी असणार, हेही कळतं. मग निदान काय द्यायचं आणि कसं, ते तरी नीट करूया.

इंग्रजी अनुवादातलं मांगा आता बहुतेक मूळ मांडणीतच छापतात, म्हणजे शिवण उजवीकडे. आपल्या सवयीने जे मागचं पान, तिथून सुरुवात. उजवीकडचा वरचा चौकोन आधी, मग डावीकडे सरकायचं, मग खालची ओळ. संवादांचे फुगेही उजवीकडूनच. मूल उलटं वाचायला लागलं की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो, मग ते 'कळत नाही' म्हणून पुस्तक टाकतं. पहिली काही पानं शेजारी बसून बोटाने दाखवा. पूर्वी अनुवादात पानं आरशासारखी उलटवायचे, तेव्हा उजव्या हाताने काम करणारी पात्रं डावखुरी व्हायची. बिनशब्दांच्या चौकोनांवर घाई करू देऊ नका, निम्मी गोष्ट तिथे असते.

सुरुवात शंभर खंडांच्या मालिकेने नको, एका प्रकरणात गोष्ट संपणारं काहीतरी द्या. इंग्रजी मांगा छापणाऱ्या विझ मीडियाच्या पुस्तकांवर वय छापलेलं असतं: 'ए' सर्वांसाठी, 'टी' तेरापासून, 'टी प्लस' सोळापासून, 'एम' अठरापासून. सातवीतल्या मुलाच्या हातात 'टी प्लस' दिसलं तर खुशाल काढून घ्या, पण त्याच वेळी 'ए'चं एखादं मांगा हातात ठेवा.