"मोबाईल बघत असल हो ड्रायव्हर!"

आज सकाळच्या डेमूत सेलू सुटल्यावर एकानं मोबाईल पुढं धरला. "बघा, आज सकाळचंय. लोकलनं एक्सप्रेसला ठोकली." फलाटावरच्या कॅमेऱ्यातली क्लिप. ती हातोहात फिरली आणि मानवत रोड यायच्या आत निकालही लागला. "मोबाईल बघत असल हो ड्रायव्हर, दुसरं काय?" "असल्यांना आधी घरी बसवा."

खिडकीशी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचे मालक मालगाडीवर हायेत. रात्री अडीचला गेलेत, अजून यायचेत." सगळे गप्प झाले. चुकलं ताई, असं मात्र एकानंही म्हटलं नाही.

ती क्लिप आजची नाही. 11 नोव्हेंबर 2019 ची आहे, काचीगुड्याची. अजिंठा एक्सप्रेसनं आपली माणसं हैदराबादला जातात ना, तेच स्टेशन. नुकतीच फलाट सोडलेली एमएमटीएस (हैदराबादची लोकल) स्टेशनात शिरणाऱ्या हुंद्री एक्सप्रेसला भिडली. प्रवासी जखमी झाले, पण लोकलचा चालक चेपलेल्या केबिनमध्ये सुमारे आठ तास अडकून पडला. पत्रा कापून त्याला बाहेर काढलं आणि काही दिवसांनी तो दवाखान्यातच वारला. त्या माणसाला आज आपण चालत्या गाडीत शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या एका चालकाची बायको ते ऐकत बसली होती.

लोकलनं लाल सिग्नल ओलांडला, असं तेव्हा सांगितलं गेलं. लाल सिग्नल ओलांडणं ही गंभीर चूक आहे, ते मान्य. पण "ओलांडला" हे चौकशीचं पहिलं वाक्य असतं. आपल्याकडं तेच शेवटचं करून टाकतात.

फलाटावरून लाल सिग्नल असताना गाडी का सुटते, याची कारणं ठरलेली आहेत. शेजारच्या लाईनचा पिवळा किंवा हिरवा आपलाच समजला जातो. वळणावर चार सिग्नल ओळीनं दिसतात तिथं हे हमखास होतं. किंवा गार्डाच्या (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) दोन घंटा झाल्या की हात सवयीनं हँडलकडं जातो. लोकलचा चालक दिवसात कितीतरी वेळा त्या दोन घंटांवर गाडी काढतो. एखाद्या वेळी घंटा आधी होते, सिग्नल अजून पडलेला नसतो आणि हात मात्र फिरलेला असतो. त्याला तुम्ही बेफिकिरी म्हणा, मी म्हणणार नाही.

खरी चौकशी करायची तर आधी जागा गोठवावी लागते. केबिनमधलं ब्रेकचं हँडल कुठल्या खाचेत आहे, रिव्हर्सर (गाडीची पुढं-मागं दिशा ठरवणारा दांडा) कुठं आहे, कुठल्या डब्याचा आयसोलेटिंग कॉक (ब्रेकची हवा तोडणारी तोटी) बंद आहे, हे हात लावायच्या आधी लिहून घ्यायचं, फोटो काढायचे. रिले रूम (सिग्नल चालवणाऱ्या यंत्रांची खोली) सील करायची. चाकं बघायची. चाकावर ताजा सपाट चट्टा असेल आणि रुळावर घसरल्याची चकाकी असेल, तर ब्रेक लागला होता, गाडी थांबली नाही एवढंच. ब्रेक पाईपात 5 किलो दाब होता का, गळती होती का, ब्रेक ब्लॉक किती झिजलेले होते? चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 1600 मिलिमीटर भरतं का? हे मापात नसेल तर चालकाच्या डोळ्यांकडं बोट दाखवायला इतकी घाई कशाला?

मग येतात घड्याळं. इथं भलेभले फसतात. स्टेशनातला डेटा लॉगर सिग्नल, पॉइंट (रूळ बदलायचे सांधे), ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारं वीजमंडल) सगळ्यांच्या नोंदी वेळेसकट ठेवतो. गाडीतला स्पीड रेकॉर्डर वेग ठेवतो. पण दोन्हींची घड्याळं एकमेकांशी जुळलेली असतीलच असं नाही. 30 च्या वेगातली गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. घड्याळांत 20 सेकंदांचा फरक पडला की दीडशे मीटरच्या वर गफलत. सिग्नलपुढं राखीव सोडलेली जागा साधारण 120 मीटर. म्हणजे नुसत्या घड्याळाच्या चुकीवर माणूस दोषी ठरू शकतो. म्हणून पहिलं चाक सिग्नलपुढच्या ट्रॅक सर्किटवर चढून तशी नोंद झाली तो क्षण धरायचा, गाडी थांबली तिथून मागं अंतर मोजायचं आणि दोन्ही नोंदी त्या क्षणाला आणून जुळवायच्या. वेळखाऊ काम आहे, पण त्याशिवाय बाकीचं सगळं अंदाजपंचे.

आणि तो सिग्नल दिसतो का, हे त्याच वेळी, त्याच उन्हात, त्याच सीटवर बसून बघायचं. दुपारी फलाटावर उभं राहून "स्पष्ट दिसतो" असं लिहिणारे अहवाल फाडून टाकावेत. सकाळचं ऊन भिंगावर पडलं की विझलेला दिवा पेटल्यासारखा दिसतो. पादचारी पुलाचा जिना मध्ये येतो, विजेचा खांब येतो, वाढलेली फांदी येते. याआधी तोच सिग्नल कुणी ओलांडला होता का? "दिसत नाही" अशी तक्रार रजिस्टरात पडून आहे का?

प्रत्यक्षात काय होतं? प्रत्येक खात्याचे पर्यवेक्षक जागेवर जॉइंट नोट, म्हणजे एकत्र टिपण, लिहितात. रूळवाला म्हणतो रूळ ठीक, सिग्नलवाला म्हणतो सिग्नल ठीक, कॅरेजवाला (डबे बघणारा) म्हणतो ब्रेक ठीक. उरला इंजिनवाला. लिहा त्याचं नाव! प्रवाशाचा मृत्यू, गंभीर दुखापत किंवा 2 कोटींवर नुकसान असेल तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात, रेल्वेखाली नाही. हे मुद्दाम ठेवलंय. पण किरकोळ धडकेत रेल्वेच रेल्वेची चौकशी करते. खरं तर किरकोळ धडकेत सगळे जिवंत असतात, चालकाला विचारता येतं, पुरावा शाबूत असतो. तेव्हाच खोलात जायचं, तर तेव्हाच निलंबन करून फाईल बंद.

17 जून 2024 आठवा. पश्चिम बंगालातल्या रंगापाणीजवळ मालगाडीनं कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. चालक गेला आणि त्याच दिवशी दोष त्याच्या माथी मारला गेला. पुढं आयुक्तांच्या चौकशीत निघालं की पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते आणि लाल सिग्नल ओलांडायच्या परवानगीचा जो कागद त्याला दिला, त्यावर वेगमर्यादाच लिहिलेली नव्हती. त्या सकाळी त्या पट्ट्यातून गेलेल्या बाकीच्या चालकांपैकी बहुतेकांनीही नियमाचा 15 चा वेग पाळला नव्हता. एवढे सगळे एकाच वेळी बेजबाबदार झाले का हो? त्याआधी 29 ऑक्टोबर 2023 ला आंध्रातल्या कंटकापल्लीची धडक. चालक आणि सहायक चालक क्रिकेट मॅच बघत होते, असं जाहीर सांगितलं गेलं. मोबाईलच्या नोंदी तपासल्यावर ते खरं निघालं नाही. नियम तिथं मोडले होते, हो. पण मॅच? दोघंही मेलेले, उत्तर कोण देणार?

कुणी म्हणेल, कवच (धडक टाळणारी यंत्रणा) असतं तर. बरोबर आहे. दक्षिण मध्य रेल्वेनं 1,465 किलोमीटरवर कवच बसवलं, त्यात आपली मनमाड-मुदखेड लाईन आणि परभणी-परळी-बीदरही आहे. रुळातले टॅग, स्टेशनातला रेडिओ आणि इंजिनातलं यंत्र मिळून लाल सिग्नलपुढं गाडी जाऊ देत नाहीत. पण इंजिनात यंत्र नसेल तर रुळातले टॅग काय करणार? आणि रात्री अडीचला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर पहाटे साडेचारला काय येतं, ते कवच विचारत नाही. चौकशीनं विचारायला हवं. मागच्या आठवड्यात किती रात्री सलग होत्या, मधली विश्रांती खरंच झोपेची होती की रनिंग रूमच्या (चालकांच्या विश्रांतिगृहाच्या) गोंगाटातली?

मघाशी जास्तच चिडून लिहिलं. क्लिप दाखवणारा माणूस वाईट नव्हता, उतरताना त्यानंच बाईंचं गाठोडं खाली दिलं. पूर्णेला उतरून त्या रेल्वे क्वार्टरच्या दिशेनं भरभर चालत गेल्या.

हे लिहीत असताना तीच क्लिप आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आली आहे, "आजची घटना" म्हणून. मी खाली लिहिलंय: काचीगुडा, 11 नोव्हेंबर 2019, चालक वारला आहे, पुढं पाठवू नका.