चाळणीवर अडकलेला पाणघोडा

लातूरमधील आमच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवायचे ठरले, त्यासाठी तीन ब्रास वाळू आली, आणि ती चाळताना गवंड्याच्या चाळणीवर खडे, शिंपले, एका चपलेचा अंगठा व एक काळपट तपकिरी दाढ अडकली. अंगठ्याबद्दल मला कसलीही ओढ वाटली नाही. दाढ मात्र मी खिशात घातली आणि पुढचे तीन महिने घरातील शांतता घालवली.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला जीवाश्मांचा नाद आहे, म्हणजे बिस्किटांचे पाच डबे हाडांनी भरलेले आहेत आणि त्यांपैकी एकाही हाडाचा मालक निश्चित झालेला नाही. डबा उघडला की पाहुणा पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, ‘डायनासोरचं का?’ डायनासोर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाण साधारण त्याच सुमाराचा आहे; गोदावरी-मांजरेच्या काठचा गाळ आणि वाळू-गोट्यांचे थर त्या मानाने अगदी कालपरवाचे, त्यांत हाडे सापडली तर ती हत्तीची, रानबैलाची, हरणांची सापडतात, हे मी समजावून सांगतो. पाहुणा मान डोलावतो आणि जाताना मुलाला म्हणतो, ‘बघ, डायनासोरचं हाड.’

या दाढेच्या बाबतीत मला पाहुण्यांपेक्षा जास्त घाई झाली. आमच्याच जिल्ह्यात, मांजरेच्या काठी हरवाडीला पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत. पाणघोड्याची दाढ झिजली की तिच्या माथ्यावर तीन पाकळ्यांच्या पानासारखी नक्षी उमटते. मी भिंग लावले, पाकळ्या मोजल्या, तीन भरल्या. दोन मोठ्या, मधे एक बारकी. बारकी जरा जास्तच बारकी होती, पण हजारो वर्षांनंतर एखाद्या पाकळीने अंग चोरले तर तिला किती बोलायचे!

आता ती जुनी आहे की परवाची, हे ठरवायचे होते. सच्छिद्र जीवाश्म हाड ओलसर जिभेला चिकटते, असे म्हणतात. दाढेवर हा प्रयोग फारसा चालत नाही, म्हणून त्याच वाळूतला हाडाचा एक तुकडा मी जिभेला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, तेव्हाच आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या. तुकडा खरोखरच चिकटला होता, त्यामुळे मला तत्काळ खुलासाही करता येईना.

दुसरी परीक्षा जाळण्याची. ताज्या हाडात सेंद्रिय द्रव्य असते, त्यामुळे सुईचे टोक लालभडक तापवून टोचले की केस जळल्यासारखा वास येतो. पुरते दगड झालेल्या हाडाला तो येत नाही. शास्त्र निर्दोष होते, वार चुकला. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता, चौरंगावर लक्ष्मीचा घट मांडलेला होता, आणि तुलनेसाठी म्हणून मी आधी रविवारच्या मटणातली धुऊन ठेवलेली नळी टोचली. वास आला. तो उदबत्तीला न जुमानता पोथी ऐकायला आलेल्या पाच सुवासिनींपर्यंत पोहोचला. त्यानंतर वाळूतला तुकडाही टोचला, त्याला वास आला नाही, पण तोवर हा शोध ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत घरात कोणीही उरले नव्हते.

पुण्यातील एका अभ्यासक बाईंना मी दाढेचे फोटो पाठवले. त्यांचा पहिला प्रश्न होता, मोजपट्टी का ठेवली नाही. दुसरा, दाढ कोणत्या थरातून आली. मी प्रामाणिकपणे लिहिले, ‘ट्रॅक्टरमधून.’ मग त्यांनी समजावले की, ज्या दोन पाकळ्या मला दिसत होत्या त्या चंद्रकोरी आहेत, मधली बारकी पाकळी म्हणजे दोन भागांच्या बेचक्यात उभा असलेला छोटा खांब, आणि असा खांब गाय-म्हशीच्या दाढेत असतो. शेळी-मेंढीत तो नसतो, तेव्हा निदान शेळी तरी नाही, एवढे समाधान मानावे. गाय की म्हैस, हे एकट्या दाढेवरून सांगणे अवघड. आणि मूळ थर हरवल्यामुळे वयाबद्दल त्या काहीच बोलणार नव्हत्या.

1905 साली गोदावरीच्या गाळातल्या प्राचीन हत्तीवर टिपण लिहिणाऱ्या भूवैज्ञानिकाचे नाव गाय पिलग्रिम. नावातच गाय असलेल्या साहेबाला हत्ती लाभला आणि पाणघोड्याची आस धरणाऱ्या माझ्या पदरात गाय पडली. अमेरिकेत तर नेब्रास्कात मिळालेल्या एका दाढेवरून हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न यांच्यासारख्या मातब्बराने 1922 साली चक्क मानवसदृश वानराची नवी जात जाहीर केली होती, आणि 1927 साली ती दाढ डुकरासारख्या दिसणाऱ्या पेकरी नावाच्या प्राण्याची निघाली. हा दाखला मी घरी मोठ्या आवाजात वाचून दाखवला. ‘त्यांनी चाटली होती का?’ एवढेच विचारण्यात आले.

शेवटचा उपाय म्हणून मी दाढ घेऊन हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात गेलो. देवणी आणि लाल कंधारी बैलांच्या गर्दीत एका म्हाताऱ्या हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, ती तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली, अंगठ्याने तिच्या कडा चाचपल्या. हेडी जनावराचे वय पुढच्या दातांवरून ठरवतात, दोन दाती, चार दाती, जुळलेला. दाढेशी त्यांचा संबंध नाही. तरीही तो म्हणाला, ‘वरच्या जबड्याची हाय. खालची अशी चौकोनी नसती, चपटी असती.’ जे मला भिंगातून तीन महिन्यांत दिसले नव्हते, ते त्याने अंगठ्याने पाहिले. ‘पण आपल्या देवणीची न्हाई, मालक. लई दांडगी हाय. असलं जनावर म्या बघितलं न्हाई.’

माझ्या अंगावर काटा आला. या नद्यांच्या जुन्या थरांत प्रचंड शिंगांच्या रानबैलाची हाडे मिळालेली आहेत. मी काही बोलण्याआधीच त्याने खांद्यावरचा पंचा पुढे केला, सौदा करताना धरतात तसा त्याखाली माझा हात धरला आणि हलकेच विचारले, ‘जनावर हाय कुठं? बोला, काय घ्यायचं?’

घरी येऊन मी गवंड्याला गाठले आणि चाळणीवर अजून काय काय अडकले होते ते विचारले. ‘लई होतं की, सर. ह्या एवढाल्या नळ्या, एक शिंगाच्या बुडख्यासारखं बी होतं,’ तो म्हणाला. ‘दगडावानी जड होतं, म्हणून समदं जोत्याच्या भरावात टाकलं. वरून कोबा बी झालाय.’

त्या खोलीत आता देवघर आहे.