आतल्या लाईटनं लघवीची पिशवी जळते म्हणे!

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेल तर बाहेरून लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतली की पुरे. आतून घेतली तर लघवीची पिशवी आणि आतडी जळतात. घरी आलेल्या बाईजवळ नातवंडं जाऊ देऊ नका. त्यापेक्षा हळदीचा काढा द्या.

‘बाहेरची पुरे’ हे आधी घेते, कारण खरी गफलत तिथंच आहे. बाहेरून साधारण पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ४५ ते ५० ग्रे देतात. ग्रे म्हणजे डोसचं माप. गाठीला मात्र एकूण ८५ च्या आसपास पोचावं लागतं. मग बाहेरूनच वाढवा की! पण बाहेरचे किरण ओटीपोटातून आरपार जातात, आणि लघवीची पिशवी, गुदाशय, आतड्याची वेटोळी यांनाही बराच डोस बसतो. आत ठेवलेल्या, किरण सोडणाऱ्या इरिडियमच्या किंवा कोबाल्टच्या दाण्याचं तसं नाही. त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मारा साधारण चौथाईवर येतो. ज्या अवयवांच्या काळजीनं मजकूर लिहिलाय, ते वाचावेत म्हणूनच उरलेला डोस आतून देतात.

आता ‘जळतात’. पुढं लघवीची पिशवी, मागं गुदाशय, दोन्ही अगदी खेटून; भीती अगदीच हवेतली नाही. म्हणून तर एवढा खटाटोप. आधी पोट साफ करतात, लघवीची नळी घालतात. गर्भपिशवीत आणि योनीत दाण्यासाठीच्या नळ्या बसवल्यावर मोकळ्या जागेत ओल्या गॉजची घडी ठासून भरतात, म्हणजे लघवीची पिशवी पुढं आणि गुदाशय मागं ढकलला जातो. बायकांना सगळ्यात त्रासाचं वाटतं ते हे ठासणं. पण तिथं मिळालेला अर्धा सेंटिमीटरही मोलाचा असतो. मग सीटी किंवा एमआरआय. दाणा नळीत कुठं किती सेकंद थांबेल हे त्यावर ठरतं. आतडं जवळ आलेलं दिसलं की तिथला मुक्काम कमी. प्रत्येक अवयवाचा सर्वांत जास्त डोस खाणारा २ सीसी भाग मोजतात. बाहेरचा डोसही धरून गुदाशयाला ७५ आणि लघवीच्या पिशवीला ९० ग्रेच्या आत ठेवायचं, असा दंडक आहे.

तरीही काहींना पुढं कधी शौचातून किंवा लघवीतून रक्त जातं, योनी आवळते. मजकुरात हे नीट असतं तर मी तक्रार केली नसती.

नातवंडांचं म्हणाल तर दाणा काम झालं की मशीनमध्ये परत जातो. बाईच्या अंगात काही उरत नाही. पूर्वी रेडियम, सिझियम आत ठेवून बाईला दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचे, त्याचीच ही आठवण असावी.

हळद? सांगलीची हळद नावाजलेली आहे, आमटीत जरूर घाला.

बाहेरची आणि आतली मिळून सगळी ट्रीटमेंट आठ आठवड्यांत संपवायची असते. काढा पाजत बसलं तर तेवढ्यात ती मुदत निघून जाते. आणि ट्रीटमेंटनंतर वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त दिसलं, तर ज्या डॉक्टरांकडं जाल त्यांना आधी रेडिएशनची फाईल दाखवा. तिथला तुकडा घाईनं तपासायला काढला तर ती जखम भरत नाही, असं होऊ शकतं.