गुणी लाइनबॅकर डावलावा कसा?

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या एखाद्या संघाचे जनरल मॅनेजरपद आपल्याकडे चालून आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची क्रमवार निवड, भरेल, बत्तीस संघ सात फेऱ्यांत मिळून अडीचशेहून थोड्या अधिक महाविद्यालयीन खेळाडूंची नावे पुकारतील, आणि आपल्या यादीत एक लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभा राहणारा खेळाडू, असा असेलच की ज्याने तीन वर्षे मैदानाच्या मधोमध उभे राहून समोरच्या संघाला सुखाने दहा यार्ड सरकू दिलेले नाही. त्याला पहिल्याच फेरीत उचलावे असे आपल्या मनात येईल. नव्या उमेदीत असे विचार सर्वांच्याच मनात येतात. वेळीच उपाय केला तर नोकरी टिकते.

पहिला उपाय मोजपट्टीचा. इंडियानापोलिसला ड्राफ्टआधी उमेदवारांच्या मोजमापांचे आणि चाचण्यांचे जे कम्बाइन भरते, तेथे आवर्जून जावे. उघड्या अंगाची, आखूड चड्डीतली मुले रांगेने येतात, टाचा जुळवून ताठ उभी राहतात, डोक्यावर पट्टी टेकते आणि चार आकडे पुकारले जातात. ५११२ असे ऐकू आले की समजावे, पाच फूट, अकरा इंच आणि वर इंचाचे दोन अष्टमांश. मग हाताची लांबी मोजतात, पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर मोजतात. आपल्याकडच्या बैलबाजारात निदान भाव तरी रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे. येथे तेवढाही आडपडदा नाही. सहा फुटांच्या आतला आकडा कानावर पडला की पेन उचलावे आणि नावापुढे ‘बांधा लहान’ एवढेच लिहावे. त्याच्या तीन वर्षांच्या सामन्यांचे चित्रण पाहण्याचे कष्ट या दोन शब्दांनी वाचतात.

या पद्धतीला परंपरेचा भक्कम आधार आहे. मॉन्टक्लेअर स्टेटचे सॅम मिल्स पाच फूट नऊ इंचांचे होते, म्हणून ड्राफ्टमध्ये त्यांचे नाव कोणीही घेतले नाही. १९८१ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने त्यांना सरावातूनच घरी पाठवले, कॅनडातील टोरांटोच्या संघानेही तेच केले, आणि मिल्स न्यू जर्सीतील एका शाळेत फोटोग्राफी व सुतारकाम शिकवू लागले. पुढे यूएसएफएल नावाची दुसरी लीग निघाली, तेथे फिलाडेल्फिया स्टार्सचे प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्यांना प्रत्यक्ष खेळताना पाहिले, आणि १९८६ मध्ये मोरा न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले तेव्हा ते मिल्स यांना बरोबर घेऊनच गेले. पाच वेळा प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंचा सन्मान, आणि २०२२ मध्ये थोरांसाठीचे हॉल ऑफ फेम असा पुढचा हिशेब आहे. मधल्या काळात त्यांची उंची वाढल्याची नोंद नाही.

टेक्सस टेकचे झॅक थॉमस १९९६ मध्ये पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर मायामी डॉल्फिन्सकडे गेले, तेही याच अष्टमांशांच्या कृपेने. त्यांच्यासाठी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी जॅक डेल रिओ यांच्यासारख्या मुरलेल्या लाइनबॅकरला हंगाम सुरू होण्याआधीच निरोप दिला. थॉमसही २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. अशी उदाहरणे कोणी पुढे केली तर त्यांना ‘अपवाद’ म्हणावे. अपवादांची संख्या किती झाली म्हणजे त्यांना अपवाद म्हणणे थांबवायचे, हे कोठेही लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असावे.

दुसरा उपाय स्टॉपवॉचचा. चाळीस यार्ड सरळ रेषेत, समोर कोणी आडवे नसताना, मुलगा किती सेकंदांत पळतो ते पाहावे. लाइनबॅकरला सामन्यात असे पळण्याची वेळ जवळजवळ येत नाही, आणि आलीच तर बहुधा त्याच्या संघाचे काहीतरी बिनसलेले असते. परंतु त्याचे खरे काम मोजण्याचे यंत्र नसल्यामुळे हेच मोजणे भाग आहे. खरे काम असे असते. बचावाचे डावपेच सांगणाऱ्या खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, बहुतेक संघांत तो लाइनबॅकरच्याच डोक्यावर असतो, आणि आत प्रशिक्षकाचा आवाज येत असतो. पुढची चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद पडतो. त्यानंतर हा मुलगा एकटा. तो समोरच्या गार्डच्या, म्हणजे चढाईच्या पुढच्या रांगेतल्या धिप्पाड खेळाडूच्या, जमिनीवर टेकलेल्या हाताकडे पाहतो. पेरे पांढरी पडली असतील तर भार पुढे आहे, म्हणजे गार्ड धडक देणार, म्हणजे चेंडू पळवत नेणार. बोटे नुसती टेकलेली असतील तर गार्ड मागे सरकून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणार, म्हणजे चेंडू फेकला जाणार. तेवढ्यात मागचा, चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक पाऊलभर सरकतो, मुलगा ओरडून दोन सहकाऱ्यांच्या जागा बदलतो, आणि चेंडू हलायच्या क्षणी त्याचे वजन योग्य पायावर आलेले असते. चाळीस यार्डांच्या शर्यतीत ज्याला दशांश सेकंद जास्त लागला, तो येथे अर्धा सेकंद आधीच पोहोचलेला असतो. हा अर्धा सेकंद कोणत्याही तक्त्यात बसत नाही. सबब तो धरू नये.

उलट, ज्याचे आकडे तक्त्यात शोभून दिसतात त्याला जरूर घ्यावे. क्लेमसनचे आयझया सिमन्स सहा फूट चार इंच उंच होते आणि चाळीस यार्ड ४.३९ सेकंदांत पळाले. २०२० मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने त्यांना आठव्या क्रमांकावर घेतले. ते नेमके कोठे खेळणार, हे त्या घाईत ठरवायचे राहून गेले असावे, कारण तीन हंगामांनंतर ते सातव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले. मात्र आठव्या क्रमांकाबद्दल त्या दिवशी कोणी फारशी भुवई उंचावली नव्हती, आणि आपल्या पेशात त्या दिवसालाच महत्त्व आहे.

मोजपट्टी आणि स्टॉपवॉच दोन्ही फसले, मुलगा उंचही निघाला आणि वेगवानही, तर त्याच्या कॉलेजकडे वळावे. कॉलेज लहान असेल तर ‘समोर कोण होते हो?’ असे विचारावे. कॉलेज मोठे असेल तर ‘शेजारी कोण होते, तेही पाहा की!’ असे म्हणावे. यूटा स्टेटचे बॉबी वॅग्नर पहिल्या प्रकारात मोडले. त्यात न्यूमोनियामुळे त्यांचे कम्बाइनही हुकले. २०१२ च्या दुसऱ्या फेरीत फिलाडेल्फिया ईगल्सने ४६ व्या क्रमांकावर मायकल केंड्रिक्स हे, कम्बाइनमध्ये वाऱ्यासारखे पळालेले लाइनबॅकर घेतले आणि लगेच ४७ व्या क्रमांकावर सिॲटल सीहॉक्सने वॅग्नर यांना. केंड्रिक्स काही वाईट खेळाडू नव्हेत, परंतु वॅग्नर सहा वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातील सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात गेले. जॉर्जियाचे नकोबी डीन दुसऱ्या प्रकारातले. २०२१ मध्ये महाविद्यालयीन लाइनबॅकरांसाठीचा बटकस पुरस्कार त्यांना मिळाला, संघ राष्ट्रीय विजेता ठरला, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये जॉर्जियाच्या बचावफळीतले पाच जण पहिल्याच फेरीत गेले. त्या पाचांत डीन यांच्या शेजारी खेळणारे लाइनबॅकर क्वे वॉकर होते, २२ व्या क्रमांकावर. वॉकर उंच आहेत. ज्यांच्या आरोळीवर ती फळी हलत असे ते डीन तिसऱ्या फेरीत, ८३ वे.

डीन यांच्या बाबतीत दुखापतीचीही चर्चा होती, आणि हा उपाय सर्वांत सुरक्षित आहे, कारण वैद्यकीय अहवाल संघांबाहेरचे कोणी पाहत नाही. गुडघे खरोखरच निकामी होतात आणि संघाने त्यांची चौकशी करू नये असे माझेही म्हणणे नाही. तरीही २०२३ चे बटकस पुरस्कारविजेते पेटन विल्सन गुडघ्याच्या चर्चेपायी ९८ व्या क्रमांकापर्यंत घरंगळले, तेव्हा एक गोष्ट मनात येतेच. ज्या डिक बटकस यांच्या नावाने हा पुरस्कार देतात, त्यांना १९६५ मध्ये शिकागो बेअर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतले होते आणि पुढे गुडघ्यांनीच त्यांची कारकीर्द संपवली. त्यांना घेतल्याचा पश्चात्ताप शिकागोत कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आता अर्थशास्त्र, कारण जाणकार मंडळी येथेच अडवतील. त्यांना सांगावे की खेळ बदलला आहे. संघ फेकलेला चेंडू झेलणारे तीन-तीन रिसीव्हर पसरवून खेळतात, म्हणून एक लाइनबॅकर बाहेर बसवून पाचवा बचावपटू मागे आणावा लागतो, आणि मैदानावर तीनऐवजी दोनच लाइनबॅकर उरतात. म्हणजे त्यांची गरज कमी झाली. तिघांचे काम दोघांवर आले तर त्या दोघांचे मोल वाढायला हवे, असा हिशेब एखादा शहाणा मांडेल. त्याला चहा पाजून वाटेला लावावे. शिवाय पगाराची मेख आहे. करार संपलेला खेळाडू फ्रँचायझी टॅग लावून आणखी एक वर्ष राखायचा तर त्या जागेवरील वरच्या पगारांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात, आणि ‘लाइनबॅकर’ या एकाच खात्यात टी. जे. वॉट यांच्यासारखे, कडेने घुसून क्वार्टरबॅकला लोळवणारे खेळाडूही मोडतात. त्यांचे पगार डोळे पांढरे करणारे असल्यामुळे मधल्या लाइनबॅकरला टॅग लावणे कोणालाच परवडत नाही. नाव एक, काम वेगळे, भाव दुसऱ्याचा. आपल्याकडच्या सरकारी वर्गवारीचा अनुभव असलेल्या वाचकांना हे पटकन उमगेल.

एवढ्यावरही मोह सुटत नसेल तर निवडक स्मरणशक्ती कामाला लावावी. ॲरन करी २००९ मध्ये ‘सर्वांत खात्रीची निवड’ म्हणून चौथ्या क्रमांकावर गेले आणि फसले. डेव्हिन बुश यांच्यासाठी पिट्सबर्ग स्टीलर्सने २०१९ मध्ये विसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी घेतली आणि चार हंगामांत हात झटकले. ही दोन नावे तोंडपाठ असावीत. नवव्या क्रमांकावर गेलेले ल्यूक कीक्ली दुसऱ्याच हंगामात लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरले, हे मात्र विसरावे. पहिल्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक फसला तर ‘धाडस केले’ म्हणतात, लाइनबॅकर फसला तर ‘अक्कल नाही’ म्हणतात. २०२४ मध्ये तर या जागेवरचा एकही खेळाडू पहिल्या फेरीत गेला नाही. पहिला गेला तो ४५ व्या क्रमांकावर, ग्रीन बेकडे.

आणि खरे सांगायचे तर या सगळ्यात आपले नुकसान काहीच नाही. फ्रेड वॉर्नर २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७० व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोला मिळाले. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार तीन हंगाम पुरे झाल्याशिवाय बदलता येत नाही, आणि तिसऱ्या फेरीच्या करारात पैसे किती असतात हे आपण जाणताच. २०२० मध्ये, म्हणजे तिसऱ्याच हंगामात, ते ऑल-प्रो झाले, तेही त्याच पगारात. साडेनऊ कोटी डॉलरांचा करार २०२१ मध्ये झाला. मधल्या तीन वर्षांचा फरक वॉर्नर यांच्या खिशातून गेला, संघाच्या नव्हे. झॅक बॉन यांचे त्याहून मजेदार आहे. २०२० मध्ये ७४ वे, सेंट्सकडे चार वर्षे कोपऱ्यात, मग २०२४ मध्ये ईगल्सकडे ३५ लाख डॉलरांत एका वर्षासाठी. आणि त्याच वर्षी ऑल-प्रो, वर सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक मॅहोम्स यांचा पास हवेतच टिपला. हे सौदे पाहून इतर संघ शहाणे झाले तर भाव चढतील, म्हणून त्यांची वाच्यता करू नये.

आता शेवटचा भाग, पत्रकार परिषदेचा. दोन फेऱ्या त्या मुलाचे नाव आपण ओलांडले आहे, तिसऱ्या फेरीत अखेर घेतले आहे. टाय नीट करावा, माइकजवळ वाकावे आणि चेहऱ्यावर आश्चर्य आणून सांगावे, ‘आमच्या यादीत तो पहिल्या फेरीतला खेळाडू होता, इथवर उरेल असे वाटलेच नव्हते.’ मग आपणच त्याला दोनदा का सोडले, असे कोणी विचारणार नाही. समोर बसलेल्या पत्रकारांनीही आपापल्या यादीत त्याला तिसऱ्याच फेरीत घातलेले असते.